धापराव चार टक्क्यांवर आहे

कार्टूनमधल्या एका लॅपटॉपचा आवाज मी काढतो.
हे सांगितलं की लोक आधी
माझ्या तब्येतीची चौकशी करतात.

त्याचं नाव धापराव.
अंगानं पाटा, वजनाला पाटा-वरवंटा दोन्ही,
बिजागरीला सायकलच्या ट्यूबची पट्टी,
आणि ‘ळ’ची कळ निखळलेली,
त्यामुळे त्याच्या पडद्यावर शाळेची शाला होते.
पोरं म्हणतात, शालेत जायला आमची हरकत नाही.

घर पेटलेलं असतं, कुणीतरी ओरडतं,
धापराव, बंबाचा नंबर दे!
तो म्हणतो, “थांब. उठतोय.”
मग पंखा घरघरतो.
(तो पंखाही मीच. घशातून.)
आग कंटाळून विझते.

खणभागात दातांच्या डॉक्टरच्या डोक्यावर
अक्षता मगदूमची खोली आहे, तिथं हे सगळं निघतं.
खाली ड्रिल चालू, तर वर रेकॉर्डिंग बंद.
दोन ते चार डॉक्टर झोपतात,
तेवढाच धापरावाला कंठ.

तेहतीस वर्षं मी सांगली स्टँडवर कंट्रोलर होतो.
विट्याकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक सातवर
आणि मग खोकला.
अक्षता कॉलेजला जायची तेव्हा तिनं तो ऐकलेला.
घरी शोधत आली. म्हणाली,
“शिकलगार काका, खोकला पाहिजे.
बाकीचं बघू.”

स्टँडवर आता रेकॉर्ड केलेली बाई बोलते.
स्वच्छ. तिला कधी पडसं होत नाही.
कवठेमहांकाळ म्हणताना चुकते एकाच जागी,
पण रोज, आणि तीच चूक.

खरा धापराव अक्षताच्या कपाटात आहे.
एकोणीसच्या पुरात तीन दिवस पाण्याखाली होता.
अजून कळांच्या फटीत ब्रश घातला
की चिमूटभर कृष्णा निघते.
तो चालू होत नाही.
समोर ठेवून ती चित्र काढते,
आणि म्हणते, एवढा न हलणारा मॉडेल कुठं मिळणार?

गेल्या बुधवारी तिनं कागद दिला. भाग तेविसावा.
घरात नवा लॅपटॉप येतो, पापडासारखा.
दारात भंगारवाला, तराजू घेऊन.
धापरावाचं शेवटचं वाक्य: “बंद होतोय.”
पंखा थांबतो.

पहिल्यांदा म्हटलं, तर खोकला आला.
खोकला चांगला होता, पण जागा चुकली.
दुसऱ्यांदा रस्त्यावर भाजीवाला आला.
तिसऱ्यांदा म्हणालो,
“बंद होतोय, प्रवाशांनी नोंद घ्यावी.”
अक्षता म्हणाली, काका, साधं म्हणा.
साधंच म्हणत होतो.
वाक्य संपायचं आणि पंखा थांबायचाच नाही.
पाणी प्यालो. खडीसाखर झाली.
अकरा वेळा.

बाराव्यांदा कुठल्या फलाटावरून आलं माहीत नाही,
“अपडेट घेतोय. कृपया बंद करू नये.”

कागदावर हे नव्हतं.
अक्षतानं हेडफोन काढला,
पुन्हा घातला,
आणि भंगारवाल्याच्या आवाजात विचारलं,
“किती झालंय?”
“चार टक्के.”
“अजून किती वेळ लागंल?”
“ते उठल्यावर सांगतो.”

रात्री तिनं चित्रं पाठवली.
भंगारवाला पायरीवर बसलाय, तराजू मांडीवर.
त्याला चहा येतो. मग भडंग.
मग त्याची दाढी वाढते,
तराजूत मांजर व्यालेली,
एका पारड्यात तीन, एकात दोन,
आणि पापडाला लावलंय
पाहुण्यांना पाणी द्यायला.

चोविसाव्या भागाच्या कागदावर होतं: पाच टक्के.
मी पेन घेतलं, चार केलं.
अक्षता काही बोलली नाही.
खाली ड्रिल सुरू झालं,
म्हणजे वाजले चार.
आम्ही दोघं गप्प बसलो,
कपाटाचं दार तेवढं उघडं होतं.