मुद्देमाल

निवडणूक लागली की ठाण्यात बंदुका येतात
धुतल्या धोतरात गुंडाळून, लग्नाला निघाल्यासारख्या.
एकनळी, दुनळी, पीकरक्षणाच्या.
परवान्याची वही प्लॅस्टिकच्या पिशवीत,
पिशवीवर कुठल्याशा सोनाराचं नाव.
मी खानापूर ठाण्याचा रायटर. पावती फाडतो.
पावती कन्नडात. म्हातारे ती उलटीसुलटी धरतात.
"बिर्जे, माझीच न्हवं ही?"
"तुमचीच की."
"आणि डुकरं? त्यास्नी सांगितलंस काय, मतदान हाय म्हणून?"

एवढंच हसणं असतं त्या दिवसांत.

बंदूक कन्नडात लिहिताना
शेवटी एक उकार लागतो : बंदूकु.
तेवढ्या शेपटीनं ती सरकारजमा होते.
अठ्ठावीस वर्षं हा उकार काढतोय,
हात आपसूक वळतो.

आज आलेली मात्र त्यांच्यातली नाही.
हिला परवाना नाही, नंबर नाही, कारखाना नाही.
ठासणीची. जांबोटीच्या वरच्या अंगाला
गुंडू गावड्याच्या गोठ्यात, वैरणीखाली सापडली.
परवा रात्री नाचण्यात डुक्कर हललं म्हणून
त्यानं बार काढला
आणि डुक्कर "आई गं" म्हणालं.

भैरू. चुलत्याचा पोरगा.
माळ्यावर भाकरी घेऊन येत होता,
सेल वाचवायला बॅटरी विझवून.
मांडीत सात छर्रे. बेळगावला सिव्हिलात आहे.
पाय राहील म्हणतात. म्हणणारा डॉक्टर नव्हता, वॉर्डबॉय होता.

साहेब विजापूरकडचे, मितभाषी.
"बिर्जे, बरीरी." लिहा.
लिहितो. नळी एक्केचाळीस इंच.
दस्ता फणसाचा, चिरलेला,
पितळी पट्टीनं सांधलेला.
पंचांच्या सह्या मराठीत, वरचा मजकूर कन्नडात.
मी तो त्यांना वाचून दाखवला, तसा नियम आहे,
एकही शब्द गाळला नाही.

मग गोळ्यांचा रकाना.
कन्नडात गोळीला गुंडु म्हणतात.
शिशाचे गुंडु, बारा. आरोपी, गुंडू.
गोल जन्मला म्हणून आईनं ठेवलेलं नाव
एकाच पानावर दोनदा आलं.
त्यांच्या लिपीत दोन्ही उकार सारखे.
साहेबांनी पान दोनदा वाचलं. हसले नाहीत.
चांगला माणूस आहे.

ती पितळी पट्टी
आमच्या देवळातल्या समईची.
समईचा पाय मोडला तेव्हा बाबू लोहारानं ठोकून काढलेली.
भाता मी ओढत होतो. दहा वर्षांचा.
त्या रात्री पहिल्यांदा मोठ्यांच्या पंगतीत
माझ्या पत्रावळीवर पुरा वाटा पडला,
मिरी, जाडं मीठ, चरबी सुटलेली.
बंदूक झोपेपर्यंत माझ्या मांडीवर होती.
कुणीतरी म्हणालं, राहू दे पोराकडं.

सातवा रकाना :
शस्त्र आरोपीच्या ताब्यात कधीपासून?

गुंडू बाकावर बसलाय. पायाचा अंगठा फरशीवर घासतोय.
वर बघत नाही.
बघितलं असतं तर रागवता आलं असतं,
का रे, किती वेळा सांगितलं, परवाना काढ,
नायतर मोडून टाक ते.
खरं मी सांगितलंच नव्हतं.
दर जत्रेला जात होतो, गोठ्यावरून जात होतो,
वैरणीचा ढीग एका बाजूला उंच का, ते मला ठाऊक होतं.
नाचणीच्या त्या ओळीत, त्या काळोखात
माझाही एक बार असणार.

कन्नडात "ठाऊक नाही" हा एकच शब्द होतो.
गोत्तिल्ल.
लिहिला. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं.

पांढरं कापड, तागाची दोरी.
लाख वितळली, शिक्का मारताना बोटाला चिकटली.
पट्टी कापडाखाली गेली.

दारात एक म्हातारा, हातात घडी झिजलेली पावती.
मतमोजणीला अजून नऊ दिवस आहेत.
"न्यायला नाही आलो. नुसती बघून जातो."
आत जायला मनाई आहे, मी म्हणालो.
"कुठं लिवलंय?"
मी पाटीकडं बोट केलं.
तो पाटीकडं बघत राहिला, मग माझ्या बोटाकडं.
"भाजलंय न्हवं ते," म्हणाला. "तूप लाव."