तिसरा पक्ष

हर्षालीने पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला, म्हणाली,
मामा, तुमचं मराठी चांगलं आहे,
कंपनीच्या साइटवर टाकायचंय, सोमवारपर्यंत द्या.
कंपनी डाळीची. जळगावच्या एमआयडीसीत मिल,
आता मोबाइलवरून तूर विकते.
अकरा पानं. शब्दाला चाळीस पैसे.

बसलो.
आम्ही आपलं नाव घेतो, पत्ता घेतो, फोन नंबर घेतो,
आपण कुठून आलात ते पाहतो,
किती वेळ थांबलात,
काय उचललंत आणि परत ठेवलंत, तेही.
कुकी या शब्दाशी तासभर अडलो.
आधी लिहिलं, पाहुणा गेल्यावर ओट्यावर राहिलेली पावलांची माती.
मग खोडलं. कंपनीला चालणार नाही.

सातव्या पानावर हे आलं :
आपली माहिती आम्ही आपल्या संमतीविना
कोणत्याही तिसऱ्या पक्षास देत नाही.

हे टेबल आहे ना, इथेच काचेची खोली होती.
बाहेर पिवळी पाटी, एसटीडी आयएसडी पीसीओ.
अमळनेर स्टँडसमोर तेव्हा आम्ही तिघेच.
लाल आकडे पळायचे, मशीन कर्रकर्र चिठ्ठी काढायचं
आणि मी वहीत उतरवायचो,
तारीख, वेळ, नंबर, पैसे.
लिही म्हणून कोणी सांगितलं नव्हतं.
अक्षर चांगलं होतं, एवढंच कारण.

काच जाड आहे असं लोकांना वाटायचं.
कोणाचं उधन्यात दुकान बसलं,
कोणाला पोरगी पसंत नाही पण हुंडा पसंत आहे,
मला सगळं ऐकू यायचं
आणि मी शिरपूर गाडीची पाटी वाचत बसायचो.
चोपड्याचे एक मास्तर रडून बाहेर आले
तर मी सुट्टे नाहीत म्हणून भांडलो त्यांच्याशी,
म्हणजे त्यांना डोळे पुसायला वेळ.
इतका मी चांगला होतो.

ती पहाटे यायची, सहाच्या आत, पाव दरात.
हातात दुधाची किटली, पदर कपाळापर्यंत.
शून्य दोन सहा एक, पुढे पाच आकडे.
तीन मिनिटं. कधी नुसतंच हं, हं.
तिचं नाव इथे लिहीत नाही.

एका दुपारी तिचा दीर आला.
दोन कट चहा सांगितले, पैसे त्यानेच दिले,
माझ्या कपाचे दोन रुपये.
आमनी वहिनी कथा फोन करस भो?
सहज विचारावं तसं. पाऊसपाणी विचारावं तसं.
मी काही बोललो नाही.
मी फक्त वही त्याच्याकडे फिरवली.

नंतर किटली घेऊन तिची जाऊ यायला लागली.
दूध घेऊन सरळ जायची, माझ्याकडे न बघता.
कोणी म्हणे माहेरी धाडली, कोणी म्हणे स्वतःच गेली.
आठ महिन्यांनी मी तो नंबर फिरवला. पहाटे, पाव दरात.
एक म्हातारा आवाज, बाईचा.
कोन? ...तू शे का व, माय?
मी ठेवून दिला.
मशीनने चिठ्ठी काढली. वहीत तीही उतरवली,
चांगल्या अक्षरात.

हर्षाली म्हणते, हे कोणी वाचत नसतं मामा,
खाली येतात आणि 'मला मान्य आहे' दाबतात.
मी पण तसंच म्हणालो असतो.
तरी ते वाक्य तीनदा टाइप केलं.
देत नाही. देणार नाही. देत नाही.
शेवटी पहिलंच ठेवलं, मूळ इंग्रजीत तसंच होतं म्हणून.

शब्द भरले तीन हजार एकशे पाच.
बाराशे बेचाळीस झाले.
मी बिल बाराशे चाळीसचं केलं.
दोन रुपये का सोडले, तिने विचारलं.
राउंड फिगर, म्हटलं.