दुसऱ्यातून तिसऱ्यात

धरणाच्या कामावर आलेली परदेशी कंपनी
निघून गेली, तेव्हा ही पिकअप मागे राहिली.
स्टिअरिंग डाव्या हाताला, क्लच नाहीच.
सासऱ्यांनी लिलावात घेतली, भंगाराच्या भावात.
मखमलाबादच्या आमच्या नर्सरीत
सगळे तिला 'आपोआप' म्हणतात.

यंदा आपोआप अडायला लागली.
पेठ रोडला लागलं की दुसऱ्यातच ओरडत राहायची,
उसने मागायला आलेला माणूस
नुसता घसा साफ करत बसतो तशी,
आणि मग धाडकन तिसरा.
मागे कुंड्यांची रांग आडवी.
झटके मी कुंड्यांत मोजायला शिकले :
मंगळवारी चार शेवंत्या,
शुक्रवारी एकच सोनचाफा, पण मुळासकट.

सातपूरला म्हणाले, गिअरबॉक्स गेला. सत्तर हजार.
अंबडला म्हणाले, ताई, विका.
रंगनाथ गांगुर्डे, आमचा ड्रायव्हर, म्हणाला,
तेल पूर्ण आहे, रोज सकाळी बघतो की
गाडी सुरू करायच्या आधी.

वडाळा नाक्यावर मुश्ताक कोकणींनी
बॉनेटला हातच लावला नाही.
रात्रभर गाडी तिथेच उभी ठेवली,
सकाळी चार हात मागे घ्यायला लावली
आणि उकिडवे बसून
कोरड्या जमिनीकडे बघत राहिले.
"डाग नाही," म्हणाले,
आणि चहा सांगितला.

मग शेजारी बसून निघाले.
पाथर्डी फाटा, पांडवलेण्याचा चढ, उतार, पुन्हा चढ.
डाव्या कानाने ऐकू येत नाही त्यांना,
पोरवयात जवळ ट्रकचा टायर फुटला होता.
म्हणून तळहात डॅशबोर्डवर सपाट,
तापलेल्या कपाळावर ठेवावा तसा.
"आधी इंजिन मोकळं पळतं का?"
नाही. उशिरा पडतो, पण पडला की धरतो.
"मग आतलं शाबूत आहे.
त्याला कुणीतरी खोटं सांगतंय.
सपाट रस्त्यावरसुद्धा बिचाऱ्याला वाटतंय
आपण चढावरच आहोत."

मी गिअर बदलायची वाट बघत गप्प राहिले.
असं मला कुणी कधी सांगितलं नव्हतं,
गाडीबद्दल.

परत आलो. इंजिन गरम, चालू.
आता पट्टी बाहेर काढली : तेल फक्त टोकाला.
रंगनाथ दुसरीकडे बघायला लागला.
पांढऱ्या फडक्यावर पुसलं, वास घेतला.
करपलेलं नाही. लाल, साध्या जास्वंदीचा लाल.
मग खालून एक रबरी नळी ओढली,
तिच्यात करंगळी घातली,
ती लाल होऊन आली.
"इथे हवा हवी. तेल नको.
सकाळी धूर येतो? पांढरा?"
येतो. मला थंडीचा वाटायचा.
"तुमचं इंजिन गिअरचं तेल पितंय, ताई.
खाली डाग कुठून पडणार?"

नळीच्या टोकाला पत्र्याची डबी,
पावडरच्या डबीएवढी.
आत रबराचा पडदा, फाटलेला.
कोकणी हसले, डाव्या कानाला बोट लावलं.
"माझाही तोच फाटलाय.
फक्त हा बदलून मिळतो."

मिळाला कुर्ल्याहून, नवव्या दिवशी.
सव्वीसशे पन्नास, शिवाय तेल.

काल रामवाडीच्या पुलावर
तिसरा कधी पडला मला कळलंच नाही.
आरशात बघितलं :
चाळीस कुंड्या, वर्गात इन्स्पेक्टर आल्यासारख्या सरळ.
इतकी वर्षं चढ समजून जे जे
दात आवळून ओढलं
त्यातलं काय काय सपाट होतं
असा हिशोब करावासा वाटला,
तेवढ्यात मागून रिक्षाने हॉर्न दिला.

रिव्हर्सला अजून एक धक्का बसतो.
कोकणींना फोन करून सांगितलं.
"तो वेगळा," म्हणाले,
"तो जुना आहे. राहू दे.
मागे जाताना जरा हळू जा."