बटणं

साखर पेठेत, चिट्यालच्या कारखान्याच्या माळ्यावर
आम्ही शर्टाच्या बटणांनी पोकर खेळायचो.
पांढरं दहाचं, निळं पन्नासचं,
आणि सफारीचं ते मोठं, चार भोकांचं, तपकिरी
पाचशेचं.
ते पुढं सरकवताना हात जड व्हायचा.

खेळ आणला मल्लेशामच्या थोरल्यानं,
गोव्याच्या बोटीवर दोन सीझन पत्ते वाटून आला होता.
आम्ही तीन पत्तीवाले.
दोन पानं आपली, पाच सगळ्यांची,
एवढं पचायला एक अख्खा उन्हाळा गेला.

खाली चोवीस माग. खाड-धाड, खाड-धाड.
वर बोललेलं शेजारच्याला ऐकू यायचं नाही,
म्हणून आम्ही तोंडं वाचायचो.
इलाही नदाफ चांगली पानं आली की शेंग फोडायचा
आणि दाणे खायचं विसरायचा.
नरसय्या थाप मारताना कानातला कापूस चाचपायचा.
रेवणसिद्ध हत्तुरे म्हणजे दगड,
फक्त गळ्यातली चांदीची डबी बनियनवर
जरा भरभर वर-खाली व्हायची.
माझं काय हलायचं
ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

मग माग भंगारात गेले, किलोच्या भावानं.
इलाही भिवंडीला गेला. नरसय्याचे डोळे गेले.
माळ्यावर आता कुरिअरवाल्याची खोकी.

अंबादास, माझा भाचा, त्यानं फोनवर टेबल लावून दिलं.
हिरवा अंडाकार. सहा गोल.
एकात वाघ, एकात बुलेट,
एकात कुणाचं तरी तान्हं बाळ
आणि तेच सगळ्यात निर्दयी.
पहिली रात्र मी त्या बाळाच्या तोंडाकडे बघत बसलो.
हसतंय. हरलं तरी हसतंय.

पानं कडेनं, नखाएवढी उघडायची माझी सवय,
इथं ती आपोआप उताणी पडतात.
माळ्यावर तासाला पंधरा डाव व्हायचे,
इथं चहा निवेपर्यंत तेवढे होऊन जातात.
दहा असोत की पाचशे,
तेच बटण, तोच अंगठा, काही जड नाही.
आठवड्यात मी धुतला गेलो.
रेवणसिद्ध म्हणाला, "तू काचेत तोंडं हुडकलालास काय बे?"

पाणी पाचव्या दिवशी येतं, रात्री अडीचला.
एका पाण्याच्या रात्री चष्मा आत राहिला,
आणायचा कंटाळा,
म्हणून फोन हौदाच्या कठड्यावर ठेवून नुसता ऐकत होतो.
टुक. टुक. (थांबलं.) टुक.
आणि पाठीतून काहीतरी सरकलं.
मी जॉबर होतो हो, सव्वीस वर्षं.
चोवीस मागांत एकाचा धागा तुटला
तर डोळे मिटून सांगायचो, सतरा नंबर.
ताल लंगडतो. तेवढंच असतं ते.
वाघ लंगडत होता. मोठी रक्कम लावायच्या आधी चार सेकंद,
हिशोब करत नव्हता, धीर गोळा करत होता.
बाळाकडे काही नसलं की लगेच टुक,
वाटच बघत असल्यासारखं.

आता फोनशेजारी ते तपकिरी बटण ठेवतो.
मोठा डाव असला तर आधी ते सरकवतो, हातानं,
आणि हात जड झाला तरच अंगठा.

काल माझ्याकडे दोन राजे होते, टेबलावर तिसरा पडला.
समोर फक्त बाळ, लावलेलं सगळं पुढं ढकलून.
मी बटणाला हात घातला
आणि नळानं घशात खाकरल्यासारखा आवाज केला.
पाणी.
पाइप जोडला, मोटर लावली, पहिली गढूळ बादली झाडांना ओतली.
परत आलो तर पानं गेलेली.
वेळ संपली म्हणून टेबलानंच माझा डाव टाकला.

बसलो तिथंच, ओल्या पायानं.
तिकडं बाळाला काय दिसलं असेल?
म्हातारा तीस सेकंद थांबला, शेवटपर्यंत तळमळला
आणि भ्यायला.
म्हणजे ते माझ्याबद्दल काहीतरी शिकलंय,
पक्कं, आणि चुकीचं.

पुढचं पाणी शुक्रवारी.