कूलरवर चाचणी

बर्डीवर, मेच्या दुपारी,
उरकुडेच्या काउंटरवर तीन डबे उघडे.
पाच हजारांचा मी आधीच लांब सरकवला;
तिकिटातच निम्मा पगार गेलाय.

"विमान कुठून आणू जी," तो म्हणाला,
"याचाच आवाज तो समजा."
आणि लोखंडी कूलर फुल्लवर केला.
वाळ्याचा ओला वास, पत्र्याची थरथर.

पहिल्यानं कान दुखले.
दुसऱ्यात कूलर शेजारच्या खोलीत गेल्यासारखा.
तिसरा, अठराशेचा, चढवला
आणि कूलर बंद पडला.

बंद कुठला,
माझी ओढणी तर उडत होती.

"एकसुरी आवाज खाते हे,"
उरकुडे बारीक, दुरून,
"माणसाचं बोलणं नाही खात पूर्ण.
लेकरू रडलं तर ऐकू येईन."

आईचं ऑक्सिजनचं मशीन
दोन वर्षं एकाच सुरात घरघरत होतं.
त्या आवाजात मी गाढ झोपायचे.
एका पहाटे जाग आली
ती तो थांबल्यानं.

"वायर सोबत आहे ना? सतराशेला द्या," म्हटलं.
फार मोठ्यानं म्हटलं असावं;
बाहेर कव्हर बघणारी दोन पोरं
वळून माझ्याकडे बघत राहिली.