डबा नंबर एक्केचाळीस, मूळ रंग

दर रविवारी साडेसातला, ऊन चढायच्या आत
आम्ही सहाजण शेडचं कुलूप काढतो.
किल्ली बसलिंगप्पा हत्तुरेंकडे. कॅरेज फिटर,
रिटायर होऊन चौदा वर्षं झाली,
अजून डब्यात शिरण्याआधी
चाकावर हातोडी मारून आवाज ऐकतात.
डबा कुठेही जाणार नाही. तरी.

नॅरोगेजचा डबा. म्युझियमने आणला तेव्हा
कुणाच्या तरी शेतात कडबा ठेवायला होता,
खिडक्यांना पत्रे ठोकलेले, बाकाखाली व्यालेली मांजर.
यादगिरी चिलवेरी, हातमाग बनवणारा सुतार,
त्याने सागवानी फळीवर अंगठा फिरवला
नि तेलुगूत पुटपुटला काहीतरी.
विचारलं तर म्हणे, काही नाही, हिला तहान लागलीय.
तेव्हापासून ती फळी जवसाचं तेल पितेय,
अजून पुरे म्हणालेली नाही.

मला बोलावलं ते रंगासाठी.
मिलच्या रंगखात्यात एकतीस वर्षं.
चादरीचा लाल सुताला कधी धरला
हे मी हौदाच्या वासावरून सांगायचो.
मिलच्या जागी आता काय आहे ते तुम्हीच जाऊन बघा,
मी त्या रस्त्याने रिक्षा नेऊ देत नाही.

तर रंग.
रुकय्या नल्लामंदू, पॉलिटेक्निकची पोरगी,
दरवाजाशेजारी ब्लेडने
रुपयाएवढा गोल खरवडत गेली.
वर चॉकलेटी. खाली पिवळट.
मग एक हिरवा, जो कुणालाच आठवेना.
मग राखाडी, परत चॉकलेटी,
आणि अगदी लाकडाला चिकटून, नखाएवढा,
एक लाल.
"हाच मूळ," हत्तुरे म्हणाले.
आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

तिथे सांगितलं नाही ते इथे सांगतो.
माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू मागच्या दिवाळीत काढला.
डावा तसाच आहे, पिकतोय.
उजव्याने बघितलं:
स्वच्छ लाल, किंचित निळ्याकडे, जांभळाच्या गरासारखा.
डाव्याने बघितलं:
कात, वीट, न घासलेलं तांबं.
दोन्ही उघडले तर दोन रंग एकमेकांना ढकलत राहिले,
एकाच सीटवर रुमाल टाकलेल्या दोन प्रवाशांसारखे.

तीन रविवार गेले.
वाटीत रेड ऑक्साइड, चिमूटभर काजळी, थेंबभर पिवळा,
फळकुटावर ओढायचं, वाळवायचं, पुसायचं.
"काय करालास बे," यादगिरी ओरडला,
"रंग घोटालास का बाळगुटी?"
रुकय्याने मोबाइलवर फोटो काढला.
मोबाइलला तिसराच दिसला.

शेवटी म्हणालो, पोरी, तू सांग,
तुझे डोळे बावीस वर्षांचे.
ती बराच वेळ बघत बसली.
"चाचा, अम्मीच्या विडीच्या दोऱ्यासारखा आहे.
म्हणजे रिळावरचा नवा नाही,
दिवसभर सुपात तंबाखूत पडलेला असतो, तसा."

पुढच्या रविवारी तिने दोरा आणला,
वीतभर, कागदात गुंडाळून. तंबाखूचा वास येत होता.
मी त्याच्यावर रंग जुळवला.
एका डोळ्याने.
कुठल्या, ते विचारू नका.

दरवाजा रंगवून झाला तेव्हा अकरा वाजले होते.
उन्हात वाळू दे म्हणून हत्तुरेंनी ब्रेक सोडला,
आम्ही सहा आणि वॉचमन असे सातजण रेटायला लागलो.
आधी काहीच नाही. मग डबा कण्हला,
मग अकरा स्लीपर गेला.

उन्हात उभा राहिला
तेव्हा कुणीच काही बोललं नाही.
यादगिरीने कडक भाकरी मोडली, शेंगाचटणी पुढे केली.
हत्तुरे वाकून चाकाखाली लाकडी ठोकळा लावत होते,
तिथे उतार नाही, तरी.
मी एकदा हा डोळा झाकला, एकदा तो.

वाळल्यावर हा लाल एक छटा काळवंडतो.
मला ठाऊक आहे.
बाकीच्यांना पुढच्या रविवारी कळेल.