गाडीत ठेवायची हत्यारं

मिरजेत बंदेनवाज मुल्लांच्या भंगाराच्या दुकानात
पाने किलोवर मिळतात.
कुपवाडची एखादी शेड बंद पडली
की तिची मूठ न मूठ इथं येऊन पडते.
एका पान्यावर पंचनं ठोकलेलं : एस. बी. के.
कोण होता, विचारायचं नसतं.

बिरूला सांगतो, बघून घेऊ नको, ऐकून घे.
टाक फरशीवर.
ठप्प वाजला तो बिडाचा,
पहिल्याच गंजक्या नटाला तोंड फाकवील.
ठण्ण वाजून जो जरा वेळ थरथरतो
तो घडीव.
मुल्ला चष्म्यावरून बघतात,
‘मिरजेत आहात. कान सगळ्यांचेच तयार.’
पलीकडच्या गल्लीत कुणीतरी
सतारीची खुंटी पिळत असतं.

चौदा-पंधरा, वीस-बावीस,
चौदा इंची पाईप पाना, जबडा जरा ढिला,
पक्कड : एका हाताला रबर, एक हात उघडा
(करंटच्या कामाला नाही, बिरू, नीट ऐक),
पाट्याच्या पोलादाची छिन्नी,
आणि सोळा-सतरा दोन.
सोळा-सतरा नेहमी दोन.
बोअरवरची मोटर काढायला तोच लागतो
आणि हरवतो तोही तोच.

सहाशे चाळीस झाले. सहाशे दिले.
मुल्लांनी वर एक टेस्टर टाकला, पेटत नसलेला.

बिरू गाडीत बसता बसता म्हणाला,
‘मालक, एकदाच नवा सेट घ्या की. चकचकीत.’

होता रे.
निळी पेटी, आत फोमचे खाचे,
प्रत्येक पान्याला ज्याची त्याची जागा.
पहिल्या वर्षाची सगळी बाकी वसूल झाली तेव्हा घेतला.
रात्री पेटी घरात, दिवसा सीटखाली, चावी करदोट्याला.

एकदा भोसे सोडल्यावर, अंधारात,
दुधाची गाडी कडेला. माणसानं हात केला.
माझा पाय ब्रेकवर गेला,
आणि डोळ्यापुढं आली पेटी, उघडी,
अनोळखी हातात.
पाय उचलला.
सकाळी त्याच वाटेनं परत आलो
तर तो कॅनला टेकून झोपलेला,
टपरीवाला सांगत होता, सगळं दूध फाटलं.
एका नटासाठी.
कितीचा नट होता, मी विचारलं नाही.

पुढं जतच्या ढाब्यावर पेटी गेली.
भाकरी खाऊन आलो तर सीटखाली नुसती
फोमची धूळ.
बायकोला वाटलं मी पैशासाठी गप्प आहे.
खरं सांगू, त्या रात्री मला
झोप लागली.

आता नागज फाट्याच्या अलीकडं
एक मोपेड आडवी.
बाई डोक्यावर पदर धरून उभी, पोरगा चेन हातात घेऊन बसलेला,
कोपरापर्यंत काळा.
मी थांबलो. हल्ली थांबतो.
बिरूनं फटकूर पसरलं, सगळा बाजार मांडला,
चौदा-पंधरा बसला नाही,
वीस-बावीस सैल,
मागच्या चाकाला हवा होता
सोळा-सतरा.
दिला.
पोरगा नट आवळतो तेवढा वेळ मी
उगाच टायरला लाथा मारत उभा.

बाई म्हणाली, ‘भाऊ, पुढं परत सुटली तर?’
बिरू माझ्याकडं बघायला लागला.
मी म्हणालो, चौदा-पंधरा ठेवा, कॅरियरला बसतो.
पक्कड ठेवा. फटकूरही ठेवा.
तिनं पिशवीतून दोन पेरू काढून दिले, गाभुळलेले.

जत येईपर्यंत बिरू काही बोलला नाही.
मग पेरूची बी थुंकून म्हणाला,
‘आणि सोळा-सतरा? दोन हायत की.’

हायत.
पण एक सीटखाली आहे
आणि दुसरा, बघ, माझ्या मांडीखाली.
एवढा मोठा माणूस
मी अजून झालो नाही.